गवत राखणाऱ्याचा मुलगा : आर्नोल्ड पामर यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

काणकोण येथील एका विद्यार्थ्याचे पत्र आम्ही गेल्या अंकात छापले होते आणि उत्तरासाठी महिनाभराची मुदत मागून घेतली होती. दरम्यान त्याच विषयावर मडगाव, फोंडा आणि पेडणे येथून आणखी तीन पत्रे आली. चारही पत्रांचा विषय एकच खेळाडू असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. काणकोणच्या पत्रातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मुद्दाम शेवटी ठेवले आहे.

प्रश्न : माझे वडील दक्षिण गोव्यातील एका किनारी रिसॉर्टच्या गोल्फ मैदानावर गवत राखण्याचे काम करतात. एका परदेशी पाहुण्याने मागे ठेवलेल्या थंड चहाच्या डब्यावर आर्नोल्ड पामर हे नाव आणि एका माणसाचा फोटो होता. तो माणूस फार मोठा गोल्फपटू होता, असे वडिलांना कोणी तरी सांगितले. तो खरोखर किती मोठा होता आणि खेळाडूचे नाव चहाच्या डब्यावर कसे आले? दुसरे असे की, माझ्यासारख्या मुलाला या खेळात काही वाट आहे का?
(एक विद्यार्थी, काणकोण)

उत्तर : तुमच्या पत्राचे पहिलेच वाक्य वाचून आम्हाला आनंद झाला, कारण आर्नोल्ड पामर हेही गवत राखणाऱ्याचेच पुत्र होते. त्यांचा जन्म १० सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहराजवळच्या लॅट्रोब या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी झाला. त्यांच्या वडिलांना सगळे डीकन म्हणत. बालपणी झालेल्या पोलिओमुळे डीकन यांचा एक पाय अधू होता. १९२१ मध्ये लॅट्रोब कंट्री क्लबचे मैदान तयार करणाऱ्या मजुरांत ते होते. पुढे त्या मैदानाची सगळी देखरेख त्यांच्याकडे आली आणि १९३३ पासून क्लबच्या गोल्फ प्रशिक्षकाचे कामही तेच पाहू लागले. पण क्लबचा नोकर तो नोकरच, ही मर्यादा त्यांनी स्वतःही कधी ओलांडली नाही आणि मुलालाही ओलांडू दिली नाही. सभासद खेळत असताना आर्नोल्डला मैदानावर खेळण्याची मुभा नव्हती. पहाटे, तिन्हीसांजेला किंवा क्लब बंद असे त्या दिवशीच त्याला खेळता येई. क्लबच्या पोहण्याच्या तलावात तर त्याला पाऊलही टाकता येत नसे.

वडिलांनी मुलासाठी काठी कापून आखूड केली, त्याचे दोन्ही हात तिच्यावर नीट बसवून दिले आणि ही पकड पुन्हा कधी बदलू नकोस, असे बजावले. जोराने मार, हा त्यांचा दुसरा धडा होता. पकड आणि जोर या दोन गोष्टींवर पामर यांचा खेळ आयुष्यभर उभा राहिला. थोडा मोठा झाल्यावर मुलगा मैदानाचा ट्रॅक्टर चालवू लागला. तो वळवायला इतकी ताकद लागे की त्याला उभे राहून चाक फिरवावे लागे. त्याचे खांदे आणि दंड कसे घडले, याचे उत्तर याच कामात आहे.

पुढे शिष्यवृत्तीवर ते वेक फॉरेस्ट महाविद्यालयात गेले. १९५० मध्ये जिवलग मित्राचा मोटार अपघातात मृत्यू झाल्यावर त्यांनी शिक्षण सोडले आणि तीन वर्षे अमेरिकेच्या तटरक्षक दलात काढली. १९५४ मध्ये क्लीव्हलँड येथे रंगविक्रेत्याची नोकरी करीत असताना त्यांनी अमेरिकेची हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते व्यावसायिक खेळाडू झाले. नव्या व्यावसायिकाला पहिले सहा महिने बक्षिसाची रक्कम घेता येत नाही, असा त्या काळी नियम होता. नवविवाहित जोडप्याने ते दिवस मोटारीमागे ओढलेल्या फिरत्या घरात काढले. १९५५ ची कॅनेडियन ओपन ही त्यांची पहिली व्यावसायिक विजेतेपदाची स्पर्धा होती आणि तिचे बक्षीस २,४०० डॉलर होते.

आता ते किती मोठे होते, हा तुमचा मूळ प्रश्न. अमेरिकेच्या पीजीए टूरवर, म्हणजे व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेत, त्यांनी ६२ स्पर्धा जिंकल्या. गोल्फमध्ये मेजर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्वांत मानाच्या स्पर्धा चार आहेत. त्यांपैकी मास्टर्स त्यांनी १९५८, १९६०, १९६२ आणि १९६४ मध्ये जिंकली, यू.एस. ओपन १९६० मध्ये, आणि ब्रिटनमधील ओपन १९६१ व १९६२ मध्ये. मात्र लोक त्यांच्यामागे का धावत होते, हे या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी १९६० ची यू.एस. ओपन पाहावी लागेल. गोल्फमध्ये प्रत्येक होलच्या खड्ड्यात चेंडू घालत पुढे जायचे असते आणि सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो. कोलोरॅडोमधील चेरी हिल्स येथे शेवटच्या फेरीपूर्वी ते आघाडीच्या खेळाडूपेक्षा सात फटके मागे होते आणि ही स्पर्धा त्यांच्या हातून गेली, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. ३४६ यार्डांच्या पहिल्या होलवर इतर खेळाडू दोन फटक्यांत ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, गाठण्याचा बेत करीत होते. पामर यांनी पहिल्याच फटक्यात चेंडू ग्रीनवर पोहोचवला. त्या फेरीत त्यांनी ६५ फटके नोंदवले आणि स्पर्धा दोन फटक्यांनी जिंकली. दुसऱ्या स्थानावर वीस वर्षांचा एक हौशी खेळाडू होता, पुढे गोल्फमधील महान खेळाडू ठरलेला जॅक निकलॉस. त्याच वर्षी मास्टर्समध्येही शेवटच्या दोन्ही होलांवर ठरावीक संख्येपेक्षा एकेक फटका कमी घेऊन ते अवघ्या एका फटक्याने जिंकले होते. दूरचित्रवाणी अमेरिकेच्या घराघरांत पोहोचण्याचा तो काळ होता. बाह्या वर सरकवून, सिगारेट गवतावर फेकून चेंडूवर तुटून पडणारा हा कामगाराचा मुलगा प्रेक्षकांना आपला वाटला, आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या त्या गर्दीला ‘आर्नीची सेना’ हे नाव मिळाले.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेचा शिक्षक आहे. आपल्याकडे एके काळी खाण कंपन्यांच्या संघांत फुटबॉल खेळणाऱ्यांना त्याच कंपनीत नोकरी मिळे आणि खेळाडूच्या संसाराची तेवढीच तरतूद असे. पामर यांनी मात्र खेळापेक्षा व्यवसायात अधिक मिळवले, असे वाचले. हे नेमके कसे घडले, ते विद्यार्थ्यांना समजावून सांगता येईल असे लिहावे.
(एक शिक्षक, मडगाव)

उत्तर : आधी प्रमाण पाहू. पीजीए टूरवर संपूर्ण कारकिर्दीत पामर यांना मिळालेले बक्षीस सुमारे १८ लाख ६० हजार डॉलर होते. त्या टूरवर दहा लाख डॉलरचा टप्पा गाठणारे पहिले खेळाडू तेच होते आणि तो टप्पा त्यांनी १९६८ मध्ये गाठला. याउलट, वयाची पंच्याऐंशी वर्षे उलटल्यानंतर २०१५ या एकाच वर्षातील त्यांची कमाई ‘फोर्ब्स’ने सुमारे ४ कोटी डॉलर असल्याचा अंदाज दिला होता. खेळाने दिलेली रक्कम आणि नावाने दिलेली रक्कम यांतील हे अंतर कसे तयार झाले, यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

व्यावसायिक झाल्यावर पामर यांनी विल्सन या क्रीडासाहित्याच्या कंपनीशी करार केला होता. त्यांचे नाव कंपनीने वापरायचे आणि मोबदल्यात वर्षाला काही हजार डॉलर द्यायचे, असा तो त्या काळातला नेहमीचा प्रकार होता. १९६० च्या सुमारास क्लीव्हलँडचे एक तरुण वकील मार्क मॅकॉर्मॅक यांनी पामर यांचे आर्थिक व्यवहार सांभाळायला घेतले. मॅकॉर्मॅक स्वतः चांगले गोल्फ खेळत आणि १९५८ च्या यू.एस. ओपनमध्येही उतरले होते. दोघांमधील करार हस्तांदोलनाने झाला. त्यातून पुढे आयएमजी ही क्रीडाव्यवस्थापनातील बलाढ्य संस्था उभी राहिली. जाहिराती व नावाच्या वापरातून पामर यांना वर्षाला सुमारे ६,००० डॉलर मिळत होते, ते दोन वर्षांत ५ लाखांच्या घरात गेले, असे सांगितले जाते.

तुमच्या विद्यार्थ्यांना मॅकॉर्मॅक यांच्या कामातील एक बाब आवर्जून समजवावी. विजेता असणे हा विक्रीचा आधार करायचा नाही, असे त्यांनी ठरवले, कारण विजेतेपद पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाते. त्याऐवजी पामर या माणसाविषयी लोकांना वाटणारा विश्वास हा आधार धरला गेला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्सनचा करार सुटल्यावर पामर यांनी स्वतःच्या नावाने गोल्फ साहित्याची कंपनी काढली. बोधचिन्ह म्हणून लाल, पिवळ्या, पांढऱ्या आणि हिरव्या पाळ्यांची उघडी छत्री निवडण्यात आली. काठी, चेंडू, चषक यांपैकी काहीही त्या चिन्हात नव्हते, म्हणूनच ते सदऱ्यावरही शोभले आणि थंड चहाच्या डब्यावरही.

काणकोणच्या आमच्या विद्यार्थी मित्राच्या चहाचा उलगडा इथेच होतो. थंड चहात लिंबाचे सरबत मिसळून पिण्याची पामर यांना घरी सवय होती आणि हॉटेलांतही ते तसेच मागवीत. हळूहळू लोक त्या पेयालाच आर्नोल्ड पामर म्हणू लागले. या शतकाच्या आरंभी ॲरिझोना या कंपनीने त्यांच्या परवानगीने ते डब्यांत भरून विकायला घेतले.

नाव वापरायला देऊन मानधन घेणे आणि स्वतः मालक होणे, या दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी वेगळ्या ओळखाव्यात. पामर यांनी दोन्ही केल्या, पण आमच्या मते त्यांचे खरे व्यावसायिक शहाणपण दुसऱ्या गोष्टीत दिसते. फ्लोरिडामध्ये ओरलँडो येथील बे हिल हा क्लब त्यांनी १९७० मध्ये प्रथम भाडेपट्ट्याने घेतला आणि काही वर्षांनी विकत घेतला. १९७९ पासून तिथे टूरची स्पर्धा भरते आणि २००७ पासून तिला त्यांचेच नाव आहे. मैदाने आखणाऱ्या त्यांच्या कंपनीने जगभर तीनशेहून अधिक मैदाने तयार केली. त्यांत १९८४ मध्ये चीनमध्ये उघडलेले, साम्यवादी क्रांतीनंतरचे त्या देशातील पहिले मैदान आहे आणि आपल्या देशात गुरुग्रामच्या डीएलएफ क्लबचे मूळ मैदानही आहे. केबल व्यवसायातील उद्योजक जो गिब्ज यांच्याबरोबर त्यांनी चोवीस तास गोल्फ दाखवणारी वाहिनी उभी केली. ती जानेवारी १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा एकाच खेळाला वाहिलेली वाहिनी कोण पाहणार, असे विचारणारे पुष्कळ होते.

या सर्वांहून आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो १९७१ मधील व्यवहार. त्या वर्षी पामर यांनी लॅट्रोब कंट्री क्लब विकत घेतला. ज्या मैदानावर वडिलांनी मजुरी केली आणि ज्याच्या तलावात मुलाला उतरता येत नव्हते, त्या क्लबचे मालकपण घरात आले तेव्हा डीकन हयात होते. ते १९७६ मध्ये वारले. हिशेबाच्या वहीत या खरेदीपेक्षा मोठे आकडे अनेक असतील. परंतु गवत, माती, पाण्याचा निचरा आणि सभासदांचा स्वभाव या ज्या गोष्टी त्यांना लहानपणापासून ठाऊक होत्या, त्यांतच त्यांनी स्वतःचा पैसा घातला, हे या व्यवहारातून स्पष्ट दिसते.

नाव टिकवण्यासाठी त्यांनी घेतलेले कष्टही सांगायला हवेत. चाहत्याला सही देताना प्रत्येक अक्षर वाचता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. घाईने रेघोट्या ओढणाऱ्या तरुण खेळाडूंनाही ते हेच सांगत. आयुष्यभरात त्यांनी किती सह्या केल्या याची मोजदाद नाही, पण त्यांतली कोणतीही समोर ठेवली तर आजही ते नाव सहज वाचता येते.

प्रश्न : यशस्वी माणसांच्या कथा वाचताना त्यांचे अपयश झाकले जाते, असा माझा अनुभव आहे. पामर यांना अपयश आलेच नाही का?
(एक ज्येष्ठ वाचक, फोंडा)

उत्तर : आले, आणि तेही हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत. १९६१ च्या मास्टर्समध्ये शेवटच्या होलवर ते एका फटक्याने पुढे होते. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका मित्राने त्यांना जवळ बोलावून आधीच अभिनंदन केले आणि त्यांनी ते स्वीकारले. पुढचा फटका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला, त्या होलवर त्यांना सहा फटके लागले आणि विजेतेपद दक्षिण आफ्रिकेचे गॅरी प्लेअर यांना मिळाले. खेळ संपण्याआधी हात मिळवल्याची ही चूक त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९६६ च्या यू.एस. ओपनमध्ये तर शेवटचे नऊ होल उरले असताना सात फटक्यांची आघाडी होती. ती संपूर्ण निसटली आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत बिली कॅस्पर जिंकले. चार मेजरपैकी पीजीए चॅम्पियनशिप त्यांना कधीच मिळाली नाही, तिथे ते तीनदा दुसरे आले.

व्यवसायातही सगळे साधले नाही. १९६० च्या दशकात त्यांच्या नावाची कपडे धुण्याची दुकाने निघाली होती. गोल्फपटूचे नाव पाहून कोणी कपडे धुवायला टाकत नाही, हे कळायला फार वेळ लागला नाही. गोल्फ साहित्याच्या कंपनीनेही अडचणीचे दिवस पाहिले. गोल्फ वाहिनीसाठी सुरुवातीला प्रेक्षकांकडून महिन्याला वेगळी वर्गणी घ्यायचे ठरले होते. तशी वर्गणी भरणारे पुरेसे मिळेनात, म्हणून ती सर्वसाधारण केबलच्या वाहिन्यांत घालून जाहिरातींवर चालवावी लागली, आणि त्यानंतर ती रुळली. जिथे केवळ नाव चिकटवले ते धंदे टिकले नाहीत आणि जिथे खेळाचे ज्ञान कामी आले ते टिकले, असा आमचा या सगळ्याचा अर्थ आहे. चहा हा एक अपवाद, पण तो त्यांच्या रोजच्या पिण्यातला होता.

प्रश्न : तीनशे मैदाने आखली, हे आपण कौतुकाने सांगणार असाल तर मला हरकत घ्यावी लागेल. आमच्या तालुक्यात गोल्फ हा शब्द उच्चारला की जमीन गेली, एवढेच लोकांना समजते. या बाजूविषयी आपण गप्प राहणार का?
(एक वाचक भगिनी, पेडणे)

उत्तर : गप्प राहणे योग्य होणार नाही. अठरा होलांच्या मैदानाला साधारण ५० ते ७० हेक्टर जमीन लागते. एवढी जागा केवळ खेळासाठी कोणी सहसा घेत नाही. मैदानाभोवती बंगले आणि हॉटेल बांधून जमिनीचा भाव वाढवणे, हा या व्यवसायाचा जगभरातला गाभा आहे. पामर यांच्या कंपनीची अनेक कामे याच पद्धतीची होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आशियातील अशा प्रकल्पांविरुद्ध १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय चळवळ उभी राहिली. आपल्या तेरेखोल गावात योजलेल्या गोल्फ रिसॉर्टविरुद्ध ग्रामस्थांनी कुळांचे हक्क आणि पर्यावरण या दोन्ही मुद्द्यांवर दिलेला लढा तुम्हाला आमच्यापेक्षा अधिक जवळून माहीत आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात, जिथे भाटकार (जमीनमालक), कूळ आणि मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारे) यांचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, तिथे गावाच्या संमतीशिवाय असे मैदान उभे राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लॅट्रोबचे उदाहरण घेतले तर तिथे आहे ते मैदान एका माहीतगार माणसाने राखले आणि वाढवले. अशा कामाचे कौतुक करताना आम्हाला संकोच वाटत नाही. पण नवी जमीन गिळणाऱ्या मैदानांच्या बाबतीत आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत.

काणकोणच्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : वाट आहे, आणि ती आपल्या देशातही कोणी तरी चालून गेले आहे. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना १८२९ ची. तिथे मैदान राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरासिया, म्हणजेच एस. एस. पी. चौरासिया, कॅडीचे, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहण्याचे, काम करता करता खेळ शिकला. २००८ मध्ये त्यांनी दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकून युरोपीय टूरवरील पहिले विजेतेपद मिळवले आणि पुढे २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. त्यांच्याही आधी, दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली होती. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक.

तरीही खोटी आशा देणे बरे नव्हे. गोव्यात मैदाने मोजकी आहेत आणि तीही बहुतेक रिसॉर्टांची, अठरा होलांपेक्षा लहान. कोलकाता किंवा दिल्ली येथे कॅडीच्या मुलाला रोज सरावाची जी संधी मिळते, ती तुम्हाला तिथे सहज मिळेल असे वाटत नाही. मैदानाच्या व्यवस्थापनाला तुमच्या वडिलांनी एकदा रीतसर विचारावे की, पाहुणे नसतील त्या वेळी, पहाटे किंवा पावसाळ्यात, कर्मचाऱ्यांच्या मुलांना खेळू द्याल का. डीकन यांच्या मुलालाही याच वेळा मिळत होत्या.

दुसरी वाट तुमच्या घरातच आहे आणि आमच्या दृष्टीने ती कमी प्रतीची नाही. गोल्फच्या मैदानांवर ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात, ती आपली हरळी. चवथीला गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच गवताच्या. मैदानांसाठी तिचे संकरित, बारीक पात्याचे वाण तयार केले गेले आहेत, आणि खारे पाणी व खारा वारा सोसणारे पास्पालम हे वेगळे गवत समुद्रकाठच्या मैदानांवर लावतात. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर चार महिने पाणी साचू द्यायचे नाही आणि पुढचे आठ महिने गवत वाळू द्यायचे नाही, ही विद्या परदेशातून आलेल्या तज्ज्ञालाही इथे येऊन नव्याने शिकावी लागते. तुमच्या वडिलांना ती येते. बारावीनंतर कृषी किंवा उद्यानविद्येचे शिक्षण घेण्याचा विचार करा. जुन्या गोव्यातील एला येथे किनारी शेतीचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, तिथे एकदा वडिलांसह जाऊन या. जाण्याआधी मात्र एक वही घ्या आणि कोणत्या महिन्यात कोणत्या ग्रीनवर किती उंचीवर पाते कापतात, पाणी केव्हा देतात, बुरशी कुठे आधी धरते, हे वडिलांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. त्या वहीतली काही पाने आम्हाला पाठवलीत, तर पुढच्या एखाद्या अंकात ती छापायला आम्हाला फार आवडेल.